अकरा नंबर बीटचा चार्ज

२८ एप्रिल २०२५

यादी आली! दुपारी टेकडीवर नेटवर्क पकडायला गेले आणि मोबाईल वाजायलाच लागला. पती-पत्नी एकत्रीकरण, अनुक्रमांक सतरा — संघप्रिया, वनरक्षक, अकरा नंबर बीट, एटापल्ली तालुका. बदली आरमोरीकडे. सतरावर बोट ठेवून तीनदा वाचलं. नाव माझंच आहे.

खाली बारीक अक्षरांत एक ओळ — एकतीस मेपर्यंत कार्यमुक्त न झाल्यास बदली रद्द समजावी. कार्यमुक्त कधी होणार? नवा माणूस येऊन बीट बघेल, यादीवर सही करेल, चार्ज घेईल — तेव्हा.

राजदीपला लगेच फोन लावला. लग्नाला सहा वर्षं झाली. बाळंतपणाची रजा सोडली तर नवरा-बायको एका छताखाली सलग महिनाभर राहिलेलो नाही. तो म्हणाला, "हर्षाले सांगू का आत्ताच?" हर्षा चार वर्षांची, आरमोरीला आजीजवळ असते. म्हटलं, नको. एकदम दारात उभी राहीन.

२९ एप्रिल

राजदीप जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी शिकवतो. जूनमध्ये शिक्षकांचं प्रशिक्षण आहे, त्यात त्याला अर्धा तास बोलायचंय. विषय असा की एखादा साधा इंग्रजी शब्द घ्यायचा आणि आपल्याकडची माणसं त्याला कुठे-कुठे कामाला लावतात ते सांगायचं. आज फोनवर म्हणाला, "तू कालपासून एकच शब्द बोलून राह्यली — चार्ज, चार्ज. तोच घेतो मी. जंगलात कानावर पडल ते लिहून ठेवजो."

म्हणजे मी ऊन खाऊन गोळा करायचं आणि हा पंख्याखाली भाषण देणार. पण हो म्हटलं. तसंही इथे संध्याकाळी बोलायला ही वहीच आहे.

१ मे

झेंडावंदन झालं. दिवसभरात कानावर पडलेलं लिहिते.

आमच्या वन तपासणी नाक्यासमोर टपरी चालवणारी नीलाबाई सकाळी सकाळी कुरकुरत होती — "काल ढगं होते, सोलरचा दिवा चार्जच नाई झाला." एटापल्लीच्या जीपवाल्याने तांदळाच्या पोत्याचा वेगळा चार्ज सांगितला, त्यावर तिने त्याला जे ऐकवलं ते राजदीपच्या भाषणात चालणार नाही. रेंजर साहेबांनी भाषणात आम्हाला 'एकदम चार्ज' राहायला सांगितलं, तेव्हा अर्धे जण उन्हाने डुलत होते. शेजारच्या नऊ नंबर बीटचा गार्ड रजेवर चाललाय, त्याचा अतिरिक्त चार्ज माझ्या गळ्यात पडता पडता राहिला. आणि बाजारात दोन माणसं बोलत होती, कुणावर तरी चार्जशीट लागली म्हणून.

मराठीत प्रत्येकाला वेगळा शब्द आहे. प्रभार, आकार, आरोप. भिंतीवरच्या बोर्डांवर ते व्यवस्थित रंगवलेलेही असतात. बोलताना मात्र सगळ्यांना मिळून एकच पुरतो.

२ मे

राजदीपने हर्षाचं एक वाक्य सांगितलं, भाषणात घेणार म्हणे. आजीने मोबाईल चार्जरला लावला की ती शेजारणीला सांगते, "आई चार्जिंगले लावली."

तो हसत होता. मीही हसले. फोन ठेवल्यावर बराच वेळ टेकडीवरून उतरलेच नाही.

४ मे

आज अस्वलाने चार्ज केलं. हे राजदीपसाठी, पण आधी माझ्यासाठी — जिवंत आहे.

सुकलूभाऊ पुढे, मी मागे, असं रोजच असतं. सुकलूभाऊ वनमजूर आहेत. एकोणीस वर्षं रोजंदारीवर. यंदा कायम करायच्या यादीत त्यांचं नाव लागलंय, जूनमध्ये कागदपत्रांची तपासणी. साहेब लोक बदलतात, गार्ड बदलतात, सुकलूभाऊ तेच. टेंभराच्या झाडाखाली पिकलेली फळं पडली होती आणि ती खात एक मादी बसलेली. आम्हाला बघितलं आणि सरळ अंगावर! मी काय केलं? काहीच नाही. ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं एकही आठवलं नाही. सुकलूभाऊंनी कुऱ्हाडीचा दांडा झाडाच्या बुंध्यावर ठाण ठाण आपटला आणि आपल्या माडिया बोलीत तिला काहीतरी सुनावलं. चार हातांवर थांबली, फुसफुसली, वळून गेली.

"काय म्हटलं तिले?" मी विचारलं.

"म्हटलं, खा बाई. आमी चाललो."

या जंगलात सुकलूभाऊंच्या मागे चालताना मला जेवढं निर्धास्त वाटतं तेवढं एटापल्लीच्या बसमध्येही वाटत नाही.

६ मे

आज पेटी उघडून चार्जची यादी काढली. आठ दिवस टाळत होते. आता लिहूनच टाकते, नाहीतर ही वही कशाला.

बावीस वस्तू आहेत. नकाशा, गुन्हे नोंदवायचं पुस्तक, दोन कॅमेरे, टॉर्च, असं करत करत. सातवी — निशाणी हातोडा, नंबर ११, एक नग, मिळाला. आणि खाली माझी सही.

हातोडा मला मिळालेला नाही. मी तो कधी पाहिलेलाही नाही.

जून २०२३. माझ्या आधीचे गार्ड देवरावभाऊ दोन दिवसांनी रिटायर होणार होते. बाहेर त्यांच्या सामानाची जीप उभी, ड्रायव्हर हॉर्न मारतोय. एकवीस वस्तू मी डोळ्यांनी बघून टिकमार्क केल्या. सातव्यावर अडले तर ते म्हणाले, "हातोडा रेंजले हाय. नंबर घासला म्हणून दुरुस्तीले देला. तिथून घेऊन घ्या. करा सही." वडिलांच्या वयाचा माणूस. केली सही. आठ दिवसांनी रेंज ऑफिसात गेले, तर बाबू म्हणाला, "इथी कोणताच हातोडा नाई. अन् मिळाला म्हणून तुमची तं सही हाय." त्यानंतर तोंड मिटून बसले.

चोरट्यांनी सागाचं झाड पाडलं की मागे थूट उरतं. त्या थुटावर आम्ही हातोड्याने बीटचा नंबर ठोकतो. नंबर असलेलं थूट म्हणजे सरकारी दफ्तरात नोंद झालेलं. म्हणून तर हातोडा गार्डने जिवापाड जपायचा — चुकीच्या हातात गेला तर शंभर झाडं पाडा, थुटांवर नंबर ठोका, कोण विचारतंय. मी दोन वर्षं काय केलं? नऊ नंबरच्या गार्डला गोड बोलून त्याचा हातोडा मागून आणला. माझ्या बीटात चौदा थुटं आहेत, चौदांवर ९ आहे.

८ मे

अहेरीला गेले, देवरावभाऊंच्या घरी. घर छान बांधलंय. काकूंनी आंब्याचा रस वाढला. रस संपेपर्यंत मी हातोड्याचा विषय काढला नाही, आणि ते मी का आलेय हे ओळखून होते.

शेवटी म्हणाले, "खरं सांगू का बाई? मले बी नाई भेटला तो. माझ्या आधी नथ्थू होता. तो बिमार पडून नागपूरच्या दवाखान्यात गेला, तिथंच गेला बिचारा. मी आलो तं चार्ज द्यायला मानूसच नाई. साहेब म्हणे, यादीवर सही करा, कामाले लागा. केली."

"अन् मले रेंजले हाय म्हणून सांगितलं."

"मंग काय सांगू? रिटायरमेंटले दोन दिवस होते." मग म्हणाले, "तुमी बी पुढच्याले तसंच द्या. कोनी इचारत नाई."

राग यायला हवा होता. पण म्हातारा बसस्टँडवर पोचवायला आला, बस सुटेपर्यंत उन्हात उभा राहिला. मला त्याची कीवच आली आणि मग स्वतःची.

९ मे

नथ्थूभाऊ २०१४ साली वारले. अकरा वर्षं हा हातोडा फक्त यादीत आहे. विचारायला कोणी उरलं नाही.

११ मे

राजदीपला सगळं सांगितलं. मला वाटलं, तो म्हणेल लिहून दे, बघू पुढचं पुढे. मास्तर माणूस, वर्गात खरं बोलायचे धडे देतो. तो म्हणाला, "दे ना मग तसाच. देवरावभाऊनं तसाच देला, तू काय जगावेगळी आहे?"

विषय बदलायला म्हणून त्याने शब्दाचं सुरू केलं — या शब्दाचा मूळ अर्थ म्हणे गाडीवर ओझं लादणं. बाकीचे सगळे अर्थ त्यातूनच फुटले. मी म्हटलं, तुझी गाडी तिकडे रिकामी उभी आहे, म्हणून तुला सुचतंय. त्याला लागलं ते. सुट्टी असून त्याला शाळाबाह्य मुलांच्या सर्व्हेची ड्युटी आहे, रोज सायकलवर वाड्या फिरतो, मी येणार म्हणून मोठी खोली बघून ठेवलीय. हे सगळं मला माहीत आहे. तरी बोलले.

१२ मे

बुद्धपौर्णिमा. खोलीत बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली, त्रिशरण-पंचशील म्हटलं. मुसावादा — म्हणजे खोटं बोलणार नाही — तिथे आवाज आपोआप बारीक झाला. कोणी ऐकत नव्हतं तरी.

१५ मे

रेंजर साहेबांना भेटले. सरळ विचारलं नाही, आडून विचारलं — समजा एखादी वस्तू कमी निघाली तर? साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"मॅडम, तोंडी सांगाल तं मी ऐकलं नाई. लेखी द्याल तं चौकशी लावावी लागते. चौकशी लागली की चार्ज थांबते, चार्ज थांबला की बदली गेली. मी तुमच्या भल्याचं सांगून राह्यलो."

माणूस वाईट नाही. चहाही पाजला.

१७ मे

नवा गार्ड आला. अश्वजित, चोवीस वर्षांचा, चंद्रपूरकडचा, पहिलीच नोकरी. बॅगेत तीन पॉवर बँक! म्हणाला, "ताई, इथी लाईन राहत नाई म्हणून ऐकलं होतं." नियमावलीची पुस्तिका घेऊन आलाय, पानांना रंगीत चिठ्ठ्या. बोलता बोलता कळलं, त्याचे बाबा कोळसा खाणीत कंत्राटी कामगार आहेत. घरातली पहिली सरकारी नोकरी.

मला माझंच पहिलं वर्ष आठवलं. मीही अशाच चिठ्ठ्या लावल्या होत्या.

१८ मे

चार्ज घेणाऱ्याने बीटची हद्द पायी फिरून बघायची असते. आज उत्तरेची हद्द झाली. सुकलूभाऊ पुढे, अश्वजित मधे, मी मागे. तो प्रत्येक खांबापाशी थांबतो, खांबाचा नंबर वाचतो, फोटो काढतो. ऊन भयंकर.

१९ मे

दक्षिण हद्द. आज थुटं लागली.

पहिल्या थुटाशी तो वाकला, पालापाचोळा बाजूला केला. "ताई, यावर तं नऊ हाय. आपली बीट अकरा ना?"

"त्या वेळी शेजारच्या बीटचा हातोडा आणला होता."

"अन् आपला?"

मी म्हटलं, "रेंजला आहे. दुरुस्तीला दिलाय."

शब्दन् शब्द देवरावभाऊंचा! आधी ठरवलेलं नव्हतं. तोंडातून निघालं, इतकं सहज. पोराने मान हलवली, वहीत लिहून घेतलं — हातोडा रेंजला. ताई सांगते म्हणजे असेलच.

बाकीची तेरा थुटं त्याने बघितली. मी झाडाखाली पाणी पीत बसून राहिले.

२० मे

लाज वाटते. इतकी लाज मला कधी वाटलेली नाही. सही केली तेव्हा मी फसले होते. काल मी फसवलं.

२१ मे

सकाळी अश्वजितला चहाला बोलावलं आणि सांगून टाकलं. हातोडा नाही, मी पाहिलेला नाही, देवरावभाऊंनीही नाही. परवा तुला खोटं सांगितलं.

तो कप खाली ठेवून म्हणाला, "ताई, मी करून देतो सही."

"काऊन?"

"तुमची पोरगी लहान हाय. मी एकटा मानूस, पाहून घेईन पुढं."

म्हणजे बघा! डोळे भरून आले आणि त्याच्यावर ओरडलेही. म्हटलं, उद्या तुझ्या बीटात पन्नास सागवान पडले आणि थुटांवर अकरा नंबर दिसला, तर तुझ्या बाबांना काय सांगशील? ताईची पोरगी लहान होती?

दुपारी अर्ज लिहिला. एकच पान. साडेतीनच्या जीपने रेंजला जाऊन आवक नंबर टाकून घेतला. परत येताना जीपमध्ये मस्त झोप लागली. महिन्यात पहिल्यांदा.

२३ मे

चौकशी लागली. चार्ज थांबवला. अश्वजित नाक्यावर बसून आहे — ना गार्ड, ना पाहुणा.

साहेब रागावले नाहीत, नुसते दमलेले दिसले. म्हणाले, "आता एकच रस्ता उरला. हातोडा अकरा वर्षं कुठी होता, कोणाजवळ होता, एवढं समजलं की विषय संपला. तुमाले एक समज देऊन त्याच दिवशी सोडतो. नाई समजलं तं चौकशी चालत राहील. सहा महिने, वर्ष."

राजदीपला सांगितलं. तो म्हणाला, "तुले आमच्यापेक्षा तो लोखंडाचा तुकडा जास्त झाला." फोन ठेवून दिला. पुन्हा लावला नाही, मीही नाही.

२४ मे

नाका, माझं क्वार्टर, पेट्या, पाण्याची टाकी, सगळं शोधलं. पंच बसवून पंचनामा झाला — कुठेही आढळून आला नाही. माझे कपडे, हर्षाची चित्रं, ही वही, सगळं बाहेर काढून ठेवलं होतं. वही कोणी उघडली नाही.

२६ मे

राजदीपचा मेसेज. माफी नाही, काही नाही. फक्त — "अजून एक अर्थ सापडला. जो जीव आपल्या भरवशावर सोपवलाय त्यालाही इंग्रजीत चार्ज म्हणतात. दाईजवळचं मूल, मास्तरजवळची पोरं."

आमच्याकडे हा अर्थ कोणी वापरत नाही, असं उत्तर पाठवलं. तासाभराने त्याचं आलं — "जेवली का?"

बरं वाटलं. भांडण मिटलं म्हणायचं.

२७ मे

सकाळी सहाला सुकलूभाऊ पायरीवर येऊन बसले. मांडीवर धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. अश्वजित पाणी आणायला गेला होता. त्यांनी फडकं सोडलं.

हातोडा. तोंडावर ११, कोरा करकरीत.

मी खालीच बसले. ते हळूहळू बोलत होते, मधेच माडिया, मधेच मराठी. नथ्थूभाऊ दवाखान्यात जाताना त्यांच्याकडे देऊन गेले होते. "म्हणे सुकलू, नाक्यावर ठेवू नको, कोनी नेईल. पुढचा गार्ड येईल त्याले दे."

"मंग देवरावभाऊले काऊन नाई देला?"

"देनार होतो. ते आले त्याच दिवशी आमच्या गावातल्या एकाच्या घरी चोरीच्या सागाची फळी सापडली. दिवसभर नाक्यावर बसवून ठेवलं त्याले. मी भेलो मॅडम. माझ्या घरी तं सरकारी हातोडा. कोन मानल, नथ्थूभाऊनं देला म्हणून? नथ्थूभाऊ तं मरून गेले." मग म्हणाले, "एक साल गेलं, दोन साल गेले. मंग अजूनच भेव वाटे."

"अन् मले?"

"तुमाजवळ तं हातोडा होता." मी नऊ नंबरचा हातोडा घेऊन फिरायचे. त्यांना आकडे वाचता येत नाहीत. त्यांना वाटलं, बाईंना सरकारने नवा दिला. परवा नीलाबाईच्या टपरीवर बोलणं ऐकलं की मॅडमची बदली हातोड्यापायी अडली, तेव्हा कळलं.

अकरा वर्षांत गंजाचा ठिपका नाही. दर पावसाळ्याच्या आधी आणि नंतर टोरीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं, तेल लावायचे. आम्ही दोघांनी नुसत्या सह्या केल्या, सांभाळला या माणसाने. दोन वर्षं मी यांच्या मागे चालले. कोणतं झाड, कोणता पक्षी, कोणत्या नाल्याला पाणी — सगळं विचारलं. हातोड्याचं विचारलं नाही. रोजंदारीच्या माणसाला काय माहीत असणार, असंच माझ्याही डोक्यात असणार. दुसरं कारण सापडत नाही.

हातोडा पेटीत ठेवला. सुकलूभाऊंना म्हटलं, कोणाला काही बोलू नका. मी बघते.

२८ मे

काय बघणार?

खरं लिहिलं तर साहेबांना हवं ते उत्तर मिळतं. हातोडा वनमजूर सुकलूच्या घरी होता. मी तीन दिवसांत सुटते. आणि सुकलूभाऊ? 'शासकीय हातोडा अकरा वर्षे घरी बाळगला.' जूनच्या तपासणीत नाव कटणार, हे तर नक्कीच. त्यावर केस लागली तर तेही. एकोणीस वर्षं रोजंदारी करून. नथ्थूभाऊ साक्ष द्यायला येणार नाहीत.

जंगलात सापडला म्हणून लिहिलं तर अकरा वर्षांचा हिशोब लागत नाही. चौकशी चालू, मी इथेच.

क्वार्टरमध्ये सापडला असं म्हणायची सोय नाही. चार दिवसांपूर्वीच पंचनामा झालाय.

२९ मे

राजदीपला सांगितलं, सगळं. तो म्हणाला, "माझ्याच्यानं तुले नाई सांगवत, त्याचं नाव घे म्हणून. घेऊ नको, हे बी नाई सांगवत. पण हर्षाले मी नाई सांगनार. ते तूच सांग."

आजीने तिला काही दिवसांपूर्वी सांगून टाकलं होतं, आई येणार म्हणून. फोनवर आली. म्हटलं, हर्षा, आईला यायला उशीर होईल, फार उशीर. ती म्हणाली, "बरं." रडली नाही, हट्ट केला नाही. तिला सवय झालीय. मी टेकडीवर बसून रडले, मोठ्याने, तिथे कोणी नसतं म्हणून.

३१ मे

आज बदलीच्या मुदतीचा शेवटचा दिवस. साहेबांपुढे जबाब दिला. 'हातोडा क्र. ११ नाल्याच्या काठी दगडाखाली सापडला. त्या वेळी मी एकटीच होते.' साहेबांनी हातोडा उचलला, बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला. म्हणाले, "अकरा वर्षं दगडाखाली, अन् याले तेल कोनं लावलं?"

म्हटलं, मी.

मग मी जबाब पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला आणि सही केली.